बटईचं साल

परीक्षा केंद्रावर मार्चात एक ठरावीक वास असतो. कोऱ्या उत्तरपत्रिकांचा, पोरांच्या घामाचा, खिडकीतून आत येणाऱ्या धुळीचा. मी हिंगोलीच्या एका शाळेत शिकवते आणि दरवर्षी दहावीच्या पेपरांना पर्यवेक्षक म्हणून बाकांच्या मधून फेऱ्या मारते. कुंपणापलीकडे पळस फुललेला असतो. बरोबरच्या बाया त्याचे मोबाइलवर फोटो काढतात. मला पळस आवडत नाही. तो फुलला की करडई वाळते, हरभरा घरात येतो, उन्हाला धार चढते आणि माझा जीव उगाच घाबरा होतो. यंदा तर स्टाफरूममध्ये बसवतही नाही. बाजार पडल्यापासून तिथे दुसरा विषयच नाही. कुणाचे शेअर किती उतरले, रुपया कुठवर घसरणार, परक्यांनी आपला पैसा काढून नेला का. मी डबा उचलते आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवते.

हे सगळं मी एकदा ऐकलेलं आहे. नवं शतक लागलं त्या वर्षीचा फाल्गुन होता, मी सेनगावात दहावीला बसले होते आणि माझ्या मागच्या बाकावर कौशी होती.

कौशी म्हणजे कौशल्या, माझी चुलत बहीण. तिचे वडील माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी त्यांना मोठे बाबा म्हणायची, कौशी आबा म्हणायची. ते साखऱ्याला राहायचे. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा कळप, असं त्यांचं घर. आमचंही मूळ तेच. माझे वडील, मारोती, शिकले, सेनगावच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि मेंढरं भावाकडे राहिली. कौशी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. मधली वर्षं कळपामागे गेलेली. शाळा सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. तरी तिनं दहावीपर्यंत मजल मारली ती एका हट्टापायी. तिला नर्सबाई व्हायचं होतं.

ते काही पोरकट वेड नव्हतं. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकराचे पाय सरळ करताना मी तिला पाहिलं आहे. डोळे मिटलेले, तोंडानं मेंढीशी हळूहळू बोलणं चालू, आणि मग ते ओलंचिंब लेकरू बाहेर. घोंगडीच्या कोपऱ्यानं ते पुसत ती मला म्हणाली होती, "बायांचंबी असंच असतं, मंगल. नर्सबाईनं सांगितलं मला. फकस्त बाया वरडतात." दहावी झाली की नांदेडला नर्सिंगच्या कोर्सला जायचं, एवढं एकच तिचं ठरलेलं होतं. त्याची फी होती. आणि मेंढरं होती. ती दारात असेपर्यंत त्यांच्यामागे कुणीतरी फिरणार, आणि ते कुणीतरी म्हणजे कौशी, हे सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या वडिलांचं वेड वेगळं. त्यांना रुपयाचं वेड होतं. पूर्वेकडच्या देशांची चलनं दोनेक वर्षांपूर्वी धडाधड कोसळली आणि आपला रुपया त्या मानानं तगला, याचा त्यांना इतका अभिमान, की कुणाला वाटावं यांनीच तो धरून ठेवला होता. युरोपातल्या देशांनी आपापली नाणी मोडीत काढून सगळ्यांचं मिळून एकच करायचं ठरवलं, ती बातमी वाचून ते घास हातात धरून बसले होते. ज्या देशाचं नाणं त्याच्या स्वतःच्या हातात नाही तो देश स्वतंत्र नाही, हे वाक्य मी शाळेच्या प्रतिज्ञेपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आई म्हणायची, रुपयाची काळजी करून राहिले, घरात तेल न्हाई त्याचं काय.

त्यांचा खरा फड जमायचा एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात. समोर असायचा गिरीश, त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं हिंगोलीच्या बाजारपेठेत शेअरचं ऑफिस उघडलं होतं, कॉम्प्युटर घेतला होता, आणि शनिवारी तो गिऱ्हाइकं बघायला सेनगावला यायचा. वडील मला कॉलेजातून येताना शिकवणीवरून सोबत घ्यायचे, म्हणून मीही तिथे कितीदा वाफाळत्या चहापुढे कंटाळून बसलेली आहे.

"नाण्याला देश नसतो, सर," गिरीश म्हणायचा. "दहा वर्षांनी बघा, साऱ्या दुनियेत एकच नाणं राहील."

"मग उद्या तुझ्या तुरीचा भाव कोण ठरवणार? परका?"

"आज कोण ठरवून राहिलं, सर? आपण?"

हॉटेल हसायचं. वडील चष्मा पुसायचे आणि दुसऱ्या अंगानं चाल करायचे. ज्या कंपन्यांचे शेअर तू विकतोस त्या करतात काय? अजून करायचंय, सर. नफा? तोबी व्हायचाय. मग भाव कशाचा? पुढच्याचा, सर. आता मात्र वडील चढायचे. पुढच्याचा भाव आज देणारा माणूस म्हणजे मोहोर बघून लोणचं घालणारा, असं ते टेबलावर हात आपटून सांगायचे. हा फुगा आहे, हा वर्षाच्या आत फुटणार, हे त्यांनी त्या हॉटेलात, वर्गात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, ज्याला त्याला सांगितलं होतं. अख्ख्या तालुक्यात ही गोष्ट इतकी स्वच्छ समजलेला दुसरा माणूस नसेल. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मोठे बाबा बाजाराच्या दिवशी साखऱ्याहून जीपनं यायचे आणि दुपारी आमच्याकडे टेकायचे. ते खाटेवर बसायचे. वडील खाली सतरंजीवर. भावासमोर खाटेवर बसलेलं मी वडिलांना कधीच पाहिलं नाही. मोठ्या बाबांनी पाणी मागितलं तर वडील हातातला पेपर टाकून उठायचे, आणि हॉटेल हलवणारा त्यांचा आवाज निम्मा व्हायचा. आजोबा लवकर गेले होते. मोठ्या बाबांनी मेंढरं विकून विकून भावाला परभणीला शिकवलं होतं. हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही, पण खाट आणि सतरंजी यांच्यातलं ते अंतर तेच बोलायचं.

रुपयाचा विषय निघाला की मोठे बाबा जुनं सांगायचे. आमचा मुलूख निजामाचा, आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड इंग्रजांचा. निजामाच्या रुपयाला हाली म्हणायचे, इंग्रजांच्या रुपयाला कलदार. "आपल्या बापाच्या टायमाला नदीच्या अल्याड एक नाणं अन् पल्याड एक," ते पाय चोळत सांगायचे. "मेंढरं चारत चारत पल्याड जायचं. जिथं भाव बरा तिथं मेंढा इकायचा. मंग निजाम गेला, हाली गेली. बापाकडं उरली व्हती ती बदलून आनली, सातावर एक कापून घेतला. तवापासून म्हनायचा, नाणं राजाचं असतं, मारोती. मेंढरू आपलं असतं."

वडिलांना यात फार रस. स्वतंत्र नाण्याचा असा जिवंत साक्षीदार घरातच, म्हणून ते खालून प्रश्न विचारत राहायचे. मोठ्या बाबांना मात्र त्या वर्षी दुसरंच काही विचारायचं होतं. आदल्या पावसाळ्यात रोगानं अर्धाअधिक कळप नेला होता. त्यांचे गुडघे संपले होते. आणि बाजारात जो तो शेअरचं बोलत होता.

"शेअर म्हंजी नेमकं काय रं?" त्यांनी एकदा विचारलं.

"वाटा, दादा," वडील म्हणाले. "कंपनीतला आपला वाटा."

मोठ्या बाबांनी जरा विचार केला. "म्हंजी बटईच की."

वडिलांनी चष्मा पुसायला काढला. "तसंच म्हना," ते म्हणाले.

शेत बटईनं देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्यात मेंढरंही देतात. एकानं मेंढ्या घालायच्या, दुसऱ्यानं त्या चारायच्या, राखायच्या, आणि होतील ती पिलं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. लिहून काही नसतं, शब्दावर चालतं. मोठ्या बाबांना ते एका झटक्यात पटलं. "मंग बरं हाय," ते म्हणाले. "आपून मेंढरं घालायची, चारनारा दुसरा. आता दुसऱ्याचं पोरगं फिरंल त्यांच्यामागं. माझी कौशी शिकंल." बोलताना त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खाली सतरंजीकडे पाहिलं. मी भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. वडील आता मोहोराचं आणि लोणच्याचं बोलतील असं मला वाटलं. त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला.

माघात उरलेला कळप विकला गेला. गिरीशनं पैसे एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत घातले. ट्रकमध्ये मेंढरं चढवताना कौशी रडली नाही, उलट तीच एकेकीला कानाला धरून वर ढकलत होती, असं मोठी आई सांगायची. आणि ट्रंक घेऊन ती परीक्षेपुरती आमच्या घरी राहायला आली. तिच्या कपड्यांना लोकरीचा तो उग्र, उबदार वास होता आणि कितीही धुतले तरी तो जात नव्हता. सवयीनं ती उजाडायच्या आधी उठायची. मग करायला काहीच नसायचं. मी डोळे चोळत बाहेर यायची तर ही अंगणात दोन्ही हात सोडून नुसती उभी. "काय करून राहिली गं?" मी विचारायची. "काही न्हाई," ती म्हणायची, आणि हसायची. त्या दिवसांत ती फार हसायची. विज्ञानाच्या पुस्तकातलं माणसाच्या शरीराचं चित्र तिनं मला नावं झाकून दाखवायला लावलं होतं आणि एकाही नावात ती चुकली नव्हती.

शेजारच्या घरी डिश आली होती. बाजाराच्या दिवशी मोठे बाबा तिथे जाऊन टीव्हीसमोर बसायचे. खालून सरकणारी पट्टी इंग्रजीत, त्यांना कुठलंच अक्षर येत नव्हतं. गिरीशनं कंपनीची खूण शिकवली होती, ती आली की ते बाण बघायचे. हिरवा बाण वर. "पिलं झाली," ते परत येऊन सांगायचे. घरात सगळे खूश. कौशीला ते म्हणायचे, "तुजी मेंढरं लई इमानी निघाली." वडीलही हसायचे. मला आठवतं, एकदा तेही त्या पट्टीसमोर जाऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून. त्यांना वाटलं असेल, आपण चुकलो असू तर किती बरं होईल.

ते चुकले नव्हते. आमचे पेपर चालू असतानाच बाण लाल झाला. आधी अधूनमधून, मग रोज. इतिहासाचा पेपर देऊन आम्ही घरी आलो तेव्हा मोठे बाबा बाजाराचा दिवस नसताना येऊन बसले होते. त्यांनी कौशीला पेपर कसा गेला ते विचारलं आणि वडिलांना म्हणाले, "रोग आला म्हनायचा." वडील म्हणाले, "व्हय, दादा."

परीक्षा संपली, चैत्रातलं ऊन तापलं, आणि एका सकाळी ते दोघं भाऊ हिंगोलीला गिरीशकडे निघाले. कौशीचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारायचं म्हणून मलाही घेतलं. जीपमध्ये धूळ, विड्यांचा धूर, कुणाच्या तरी पिशवीतल्या कैऱ्यांचा वास. ऑफिसात पंखा फिरत होता. गिरीशनं खुर्च्या दिल्या. वडील खुर्चीवर बसले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले.

मोठे बाबा म्हणाले, "कान दाखव."

गिरीशला कळेना. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी समजावून सांगितलं. मेंढराच्या कानाला ज्याची त्याची खूण कातरलेली असते. बटईनं दिलेली मेंढी मेली तर चारणाऱ्यानं तिचा कान कापून मालकाला आणून दाखवायचा असतो. म्हणजे मालकाला कळतं की खरंच मेली, परस्पर विकली नाही. कान दाखवला की तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही, नुकसान निमूट सोसायचं.

गिरीश हसला नाही. त्यासाठी मी त्याला आजही चांगला माणूस म्हणेन. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा मोठ्या बाबांकडे वळवला आणि खाली उतरत गेलेली एक रेघ बोटानं दाखवली. मोठ्या बाबांनी ती बराच वेळ बघितली, अगदी पडद्याला हात लावून. "ह्यो कान न्हाई," ते म्हणाले. "मेल्याची खूण न्हाई ह्याच्यात. म्हंजी जिती हायत."

"काका, ऐका माझं," गिरीश म्हणाला. "आज विका. निम्मे तरी हाती येतील. पोरीचं काम तेवढ्यात होऊन जाईल. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"साल खराब गेलं म्हणून बटई मोडायची नसती, बापा. चारनाऱ्यावर इस्वास ठेवा लागतो." आणि मग त्यांनी मान वळवून दारात उभ्या असलेल्या भावाला विचारलं, "काय म्हनतू मारोती? मोडू का?"

एवढी साधी संधी आयुष्यात फार थोड्यांना मिळते. तालुक्यात सगळ्यात स्वच्छ समजलेला माणूस समोर उभा, आणि त्याला सरळ विचारलेलं. मोडा, एवढी दोनच अक्षरं. मी वडिलांच्या तोंडाकडे बघत होते.

"तुमी म्हनताल तसं, दादा," ते म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. कौशी पास झाली, विज्ञानात तर माझ्यापेक्षा पुढे. नांदेडच्या फॉर्मची तारीख आली आणि गेली. वडील फी भरायला तयार होते. तेवढं मात्र त्यांनी बोलून दाखवलं. मोठ्या बाबांनी हात वर केला आणि विषय संपवला. धाकट्याकडून घ्यायची रीत त्यांच्यात नव्हती. "तिची फी तिची मेंढरं देतील. पुढचं साल येऊ दे," ते म्हणाले. पुढचं साल आलं. त्याच्या पुढचंही आलं. शेअरचा भाव इतका खाली गेला की विकायला हिंगोलीला जायचं तर जीपचं भाडं अंगावर पडलं असतं. मी अकरावीला नांदेडला गेले. कौशी पंधरा-वीस शेळ्यांमागे गेली, आणि मग एका उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, डोंगरकड्याकडच्या एका घरात. त्यांची स्वतःची मेंढरं नव्हती, ते दुसऱ्यांची बटईनं चारायचे.

मोठे बाबा पाचेक वर्षांनी गेले. त्यांनी ते शेअर शेवटपर्यंत विकले नाहीत. वडील त्यानंतर हॉटेलात जायचे बंद झाले. रुपयाबद्दल, युरोपाबद्दल, कशाबद्दलच बोलेनात. निवृत्त झाल्यावर एका दुपारी आपणहून मला म्हणाले, "मला माहीत होतं गं." मला राग आला होता, अजून येतो. फुगा फुटणार हे त्यांचं बरोबर, भाव कशाचा हा प्रश्न बरोबर, रुपयाचं म्हणणंही बहुधा बरोबरच. इतकं बरोबर असून ज्याचा घरातल्या कुणाला उपयोग झाला नाही त्या बरोबर असण्याचं काय करायचं, हे मला अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. देशानं आपलं नाणं परक्याच्या हाती देऊ नये म्हणून जीव टाकणारा माणूस आपल्या तोंडातली दोन अक्षरं बाहेर काढू शकला नाही. मी त्यांच्यावर प्रेम करते आणि मला ते क्षमा करवत नाही. दोन्ही खरं आहे.

परवा पेपर सुटल्यावर एका कामानं सेनगावला निघाले होते. रस्त्याकडेच्या शेतात, हरभरा काढून नेलेल्या रानात, मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी उन्हाळ्यात बसवून घेतात. जीपमधून मला आधी पाठ ओळखू आली. मी उतरले.

कौशी काळी झाली आहे, वाळली आहे. तिनं माझा हात धरला आणि बांधावर बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. घरचं, लेकरांचं, माझ्या नोकरीचं बोलणं झालं. मेंढरं कुणाची, विचारलं तर म्हणाली, कळमनुरीच्या एका माणसाची. मग ती नखानं माती उकरायला लागली.

"मंगल, एक इचारू?" ती म्हणाली. "काकाला समजून राहिलं व्हतं का तवा? का ते पडनार म्हणून?"

खोटं बोलावं असं वाटलं. बोलले नाही. "हो," मी म्हटलं. "हॉटेलात सगळ्यांना सांगायचे."

"मंग आबाला काहून न्हाई सांगितलं?"

मी तिला सांगायला लागले. मेंढरं विकून शिकवलेलं, खाट, सतरंजी, थोरल्या भावाला तू असं कर म्हणायची छाती न होणं. तिनं मला मध्येच थांबवलं. हे तिला सांगायची गरज नव्हती, ती त्याच घरातली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "थोरल्याला कसं सांगनार मानूस." कळपातलं एक कोकरू रस्त्याकडे निघालं होतं. तिनं उठून त्याला मागे वळवलं, आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता बोलली.

"मी तं धाकटी व्हते. मला सांगायचं असतं. तुमच्याच घरात राहून राहिले व्हते मी."